पोटगीवरचा कर आधी कोणी सांगायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घटस्फोटाच्या संमतीपत्रावर सही करताना माझं सगळं लक्ष एकाच आकड्यावर होतं, दरमहा २५ हजार. ‘एकरकमी घेता की महिन्याला?’ असं वकिलांनी विचारलं होतं. मी म्हटलं, महिन्याला. मी शिक्षिका, मला पगारासारखं येणारं बरं वाटतं. त्या उत्तराचा इन्कमटॅक्सशी काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नाही.

२०२३-२४चं रिटर्न भरायला कॅनडा कॉर्नरला एका सीएंकडे गेले. त्यांनी पासबुक चाळलं, दर महिन्याच्या त्या नोंदीखाली पेन्सिलीने रेघ मारली. ‘हे कसले?’ पोटगीचे म्हटल्यावर तीन लाख ‘इतर उत्पन्ना’त गेले. माझा वर्षाचा पगार सहा लाख साठ हजार. नव्या करपद्धतीत नुसत्या पगारावर कर शून्य होता, त्यात पोटगी मिळवली आणि कराचा आकडा आला ४८ हजार ३६०. म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची पोटगी! सीबीएसला बसची वाट बघत वकिलांना फोन लावला. म्हणाले, ‘ताई, तुम्ही विचारलंच नाहीत.’

पोटगीसाठी १९६१च्या आयकर कायद्यात वेगळं कलमच नव्हतं. प्रतापगढच्या महेश्वरीदेवींच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एकरकमी पोटगी भांडवली जमा, म्हणजे उत्पन्न नव्हे, म्हणून करमुक्त आणि दरमहाची करपात्र ठरवली, त्यावरच सगळं चालत आलं. एकरकमी घेतली असती तर मला फक्त एफडीच्या व्याजावर कर पडला असता.

बरं, देणाऱ्याला तरी वजावट मिळते का? तीही नाही. तो कर भरून उरलेल्यातून देतो, माझ्याकडे आल्यावर त्याच पैशावर पुन्हा कर. त्याची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण हिशेब तो हिशेब. अमेरिकेत २०१८नंतरच्या घटस्फोटांत देणाऱ्याला वजावट नाही, पण घेणारीला करही नाही.

२०२५-२६पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही, म्हणून मी सध्या सुटले. माझ्याहून जास्त पगार असलेल्या बाईचं काय? घटस्फोटाआधीच्या समुपदेशनात दागिने, भांडीकुंडी, मुलाची फी सगळं विचारतात. तिथेच कराचं एक वाक्य सांगावं, आणि संमतीपत्राच्या मसुद्यात पोटगीच्या रकमेखाली ते छापून यावं.

– एक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)