पडल्याचा खोटा इशारा देणाऱ्या स्मार्टवॉचबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

दिवाळीत मुलाने तुमच्याच संकेतस्थळावरून मला १२,९९९ रुपयांचं स्मार्टवॉच घेऊन दिलं. मी ६६ वर्षांची, सोलापुरात एकटी राहते. पडले तर घड्याळ आपोआप त्याला फोन करेल, एवढ्यासाठीच ही खरेदी.

गेल्या रविवारी उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होते. (मिक्सरमधल्या चटणीला ती चव नाही.) डाव्या हातात पाटल्या, म्हणून घड्याळ उजव्या मनगटावर. दहा-बारा घाव घातले आणि ते थरथरलं: तुम्ही पडलात का? ३० सेकंद उलटे मोजायला सुरुवात. बोटं तेलातिखटाने माखलेली. पडद्यावर तीनदा टेकवली, घड्याळ ढिम्म. कडेचं बटण दाबलं तर नुसती वेळ दिसली, मोजणी मागे चालूच. पदराला हात पुसेपर्यंत पुण्यात मुलाचा फोन वाजला होता. त्याने घाबरून शेजाऱ्यांना कळवलं. ते दार ठोठावत आले, मी मुसळ हातात घेऊन दार उघडलं. आता आळीत माझं नाव 'पडलेल्या काकू'.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. आतला सेन्सर हाताला बसलेला हिसका मोजतो, हे मला कळतं. पण घाव घातल्यावर हात लगेच पुन्हा वर जातो, जमिनीवर पडलेल्या माणसाचा जात नाही. हा फरक घड्याळाला का कळू नये? आणि खरंच पडले, हात ओला किंवा रक्ताळलेला असला, तर मी त्या पडद्यावर काय दाबणार? चाचणी घेताना स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एखाद्या बाईच्या हातात हे घड्याळ घालून पाहिलं होतं का?

तुमच्या हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते फीचर बंद करून ठेवा." मग उरलं काय, पावलं मोजायची? तीही कुटताना वाढतात.

घड्याळावर मराठी निरोपांतली जोडाक्षरं फुटतात, तेही जाता जाता दुरुस्त करा.

कडेचं बटण दाबताच इशारा रद्द होईल अशी दुरुस्ती द्या, नाहीतर घड्याळ परत घेऊन पूर्ण पैसे द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करीन.

सोबत बिलाची प्रत.

कळावे,
आपली ग्राहक,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर