पहिली खरेदी मास्कची करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतला तारकर्ली-मालवणच्या स्कूबा डायव्हिंगवरचा लेख माझ्या दुकानात चार-पाच जणांनी वाचला. अमळनेरात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की बाकावर पेपर फिरत असतो. लेख छान होता, फोटो तर फारच. पण त्यातल्या दोन गोष्टी खटकल्या. दिवाळीच्या सुटीत आमच्याकडची बरीच पोरं कोकणात निघालीत, म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट ‘ऑक्सिजनच्या सिलिंडर’ची. पाठीवरच्या त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो हो, आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा असते, गाळून, वाळवून, साधारण २०० बारच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशेपट दाबाने भरलेली. सगळेच पेपर ऑक्सिजन छापतात आणि एरवी मीही सोडून दिलं असतं. पण लेख वाचून एका केळीवाल्याच्या मुलाने मला विचारलं, “काका, वेल्डिंगवाल्याकडून भरून घेतला तर स्वस्तात पडेल ना?” माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. नुसता ऑक्सिजन घेऊन माणूस सहा मीटरच्या खाली गेला तर त्याला फिट येऊ शकते. तोंडातली नळी सुटते आणि पुढचं सांगायला नको. तेव्हा या एका शब्दाची दुरुस्ती कृपया ठळक छापा.

दुसरी गोष्ट खरेदीची. शौक लागला की स्वतःचं सामान घ्या आणि सुरुवात रेग्युलेटरपासून (सिलिंडरमधली हवा तोंडाशी श्वास घेण्याजोगी करून देणारं यंत्र) करा, असा लेखाचा सूर आहे. रेग्युलेटर महाग, त्याची दरवर्षी सर्व्हिसिंग करावी लागते, आणि समुद्र आपल्यापासून कुठे? जळगावहून रात्रीची गाडी, ठाण्याला बदलून कुडाळ, तिथून मालवण. एवढ्या लांब वर्षातून एकदा जाणाऱ्याने घरातल्या लोखंडी कपाटात रेग्युलेटर ठेवून काय करायचं? ते सगळं तिथे भाड्याने मिळतं आणि चालतं. भाड्याचं चालत नाही ते एकच, डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क. कारण चेहरा ज्याचा त्याचा असतो, आणि डोळ्यांचा नंबरही.

हे मला अनुभवाने कळलं. पोहणं मी लहानपणी मामाच्या मळ्यातल्या विहिरीत शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पाण्याची भीती नव्हती. चोपन्नाव्या वर्षी मुलीच्या हट्टापायी मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली गेलो. चष्मा काढून होडीवाल्याकडे दिला आणि भाड्याचा मास्क लावला. वर आल्यावर मुलगी म्हणाली, “पप्पा, तो पिवळा, काळ्या पट्ट्यांचा मासा कसला भारी होता ना!” तो माझ्या नाकासमोरून गेला होता म्हणे. मला दिसला होता नुसता हिरवा-निळा काला. तीस वर्षं लोकांना नंबर काढून देणाऱ्याची ही गत.

परत आल्यावर मी ऑनलाइन साडेसातशे रुपयांचा मास्क मागवला. त्याची काच प्लास्टिकची आणि भोवतीची झालर कडक पीव्हीसीची निघाली. शालकाच्या विहिरीत तो लावून डोकं बुडवलं, तर दहा मोजेपर्यंत नाकाशी पाणी. पट्टा आवळला तर आणखी जास्त. मग लक्षात आलं की पट्टा आवळून मास्क बसत नसतो, तो बसतो झालरीच्या मऊपणावर. झालर सिलिकॉनची हवी. तपासायची रीत सोपी आहे: पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. तो चिकटून राहिला पाहिजे. हेच तोंडात स्नॉर्केलचं (पाण्यावरची हवा घ्यायच्या नळीचं) रबर धरूनही करून बघा, कारण त्याने गालांचा आकार बदलतो. मास्क विकत घ्यायचा तर दुकानात जाऊन घ्या, असं मी म्हणतो ते या एका परीक्षेसाठी.

माझ्या बाबतीत अडचण मिशीची होती. नाकाखाली झालर टेकते तिथे केस आले की पाणी वाट काढतंच. काही जण व्हॅसलीन लावायला सांगतात, ते करू नका, पेट्रोलियमने रबर खराब होतं. मी नाकपुड्यांखालची बोटाच्या नखाएवढी पट्टी तेवढी साफ केली. पण आरशात पाहिलं तर उरलेली मिशी चिकटवल्यासारखी दिसायला लागली, म्हणून शेवटी सगळीच काढली. मळ्यात गेलो तर शालक विहिरीच्या काठावरून ओरडला, “पाव्हना, मिशी कोठे गयी तुम्हनी?”

आता माझ्या धंद्यातलं थोडं. उघड्या डोळ्यांनी पाण्यात धूसर का दिसतं? डोळ्याची एकूण ताकद साठेक डायॉप्टर (आपला चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप) असते, त्यातली चाळीसहून अधिक ही पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची. ती ताकद हवेतून प्रकाश आत येताना वळतो म्हणून असते. कॉर्निया आणि पाणी यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचा आकडा, जवळजवळ सारखा, त्यामुळे पाण्यात ती नाहीशीच होते. मास्क करतो काय, तर डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा ठेवतो. आता तुम्ही म्हणाल, पोहण्याच्या गॉगलमध्येही हवा असतेच की. असते, पण त्यात नाक नसतं. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, कप्प्यातली हवा निम्मी होते आणि गॉगल डोळे बाहेर ओढायला लागतो. मास्कमध्ये नाक आत असतं, नाकाने जराशी हवा सोडली की दाब सारखा होतो. म्हणून नाकाची खोळ बाहेरून दोन बोटांनी चिमटीत धरता येते की नाही, तेही बघून घ्या. कान मोकळे करायला बहुतेकांना नाक दाबावं लागतं. ऑनलाइन जो अख्खा चेहरा झाकणारा स्नॉर्केलिंगचा मास्क दिसतो तो पाण्याच्या वरवर तरंगण्यापुरता आहे, सिलिंडर लावून खाली जायला तो कामाचा नाही.

चष्मा असणाऱ्यांनी दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्यावा. सलग एका काचेचा दिसायला ऐटदार असतो, पण त्यात नंबरच्या तयार काचा बसत नाहीत. मास्कची काच टेम्पर्ड असते, ती फुटली तरी तिचे लांब टोकदार तुकडे होत नाहीत. ‘टेम्पर्ड’ असं तिच्यावर कोरलेलंही असतं. अशी काच नंतर कापता किंवा घासता येत नाही, फुटून भुगा होतो. त्यामुळे “काका, यातच नंबर घालून द्या” म्हणून मास्क माझ्या काउंटरवर ठेवला तरी मी काही करू शकत नाही. काही कंपन्यांच्या मास्कला अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या तयार काचा मिळतात, जुनी काढायची नि ती बसवायची. नाहीतर आतून नंबरची काच चिकटवून घ्यावी लागते. तयार काचांत सिलिंडरचा नंबर मिळत नाही (हा सिलिंडर आमचा, डोळ्यांचा, बुबुळाची गोलाई असमान असली की लागणारा!). त्याचा निम्मा मूळ नंबरात मिळवायचा. म्हणजे उणे ३ आणि त्यावर उणे १ सिलिंडर असेल तर उणे साडेतीनची काच.

चाळिशी ओलांडलेल्यांचं दुखणं आणखी निराळं. पाण्यात वस्तू पाऊणपट अंतरावर असल्यासारखी दिसते. मासा जवळ आला की मजा वाटते, पण सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारा हातातला प्रेशर गेजही जवळ आलेला असतो आणि त्याचा काटा वाचता येत नाही. पुढच्या हिवाळ्यात मी १८ मीटरपर्यंत जाण्याचा रीतसर कोर्स केला, तेव्हा पहिल्या दिवशी गेज सरांच्या तोंडापुढे धरायचो आणि ते बोटांनी आकडा सांगायचे. काटा ५० बारवर यायच्या आत वर निघायचं असतं, तो आकडा दुसऱ्याच्या बोटांवर मोजणं बरं नव्हे. मग मी एक युक्ती केली. गेज डाव्या अंगाला लोंबतो, म्हणून डाव्या काचेचा नंबर दीडने कमी ठेवला, उजवीचा पुरा. उजव्या डोळ्याने मासा, डाव्याने काटा. सगळ्यांना हे मानवत नाही, डोकं जड होतं. आधी चष्मेवाल्याकडे ट्रायल फ्रेम (नंबर तपासायची चौकट) लावून अर्धा तास बाजारात फिरून या, मग ठरवा.

नवा मास्क पहिल्यांदा धुकटतो, कारण कारखान्यातून येताना काचेवर पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा चोळून धुवा, जेलवाली नको. पाण्यात उतरण्याआधी थुंकी लावून विसळायची, यात लाज कसली, सगळेच लावतात. आणि मे महिन्यात गाडीच्या काचेमागे मास्क ठेवू नका, आमच्या खानदेशातल्या उन्हात मास्क बिघडायला वेळ लागत नाही.

फिन (पायात घालायची वल्ही) वगैरे नंतर, जमलं तर. माझा मास्क नंबरच्या काचांसकट साडेपाच हजारात पडला.

कळावे,
आपला,
अमळनेरचा एक चष्मेवाला वाचक

ता. क. : साडेसातशेचा तो मास्क टाकला नाही. थंडीत भरताची वांगी काड्यांवर भाजताना धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून सौ. तो लावते. श्वास तोंडाने घ्यावा लागतो, त्यामुळे वांगी भाजून होईपर्यंत ती मला एक शब्द बोलत नाही.