रविवारी ये, सलाईनचा दिवस आहे

गिरगाव, मुंबई
१६ नोव्हेंबर

प्रिय अवी,

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून किती दिवस करणार आहेस तिचं?" आणि मी विषय बदलला. आई शेजारीच बसली होती, ठमी मांजर तिच्या मांडीवर. दोघींच्या देखत उत्तर द्यावंसं वाटेना, म्हणून लिहितोय. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, आणि ते फोनवर मागायला जीभ रेटत नव्हती.

आधी झालं कसं ते सांगतो. मे महिन्यात ती मोरीतल्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली. आम्ही म्हटलं, उकाडा. तिच्या ट्रेमध्ये लघवीनं होणारे वाळूचे गोळे लिंबाएवढे असायचे, ते मोसंबीएवढे झाले. रोज मीच उचलत होतो रे ते. रोज हाताला जड लागत होते आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. जवळच्या एका डॉक्टरांनी वय झालंय म्हणून व्हिटॅमिनचे थेंब दिले. तेरा वर्षांची आहे, आम्हालाही पटलं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिनं खाणं टाकलं, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला उग्र वास यायला लागला. तेव्हा टॅक्सी केली आणि परळला बैलघोड्यात नेलं.

दिनशॉ पेटिटांनी बायकोच्या, साकरबाईंच्या नावानं काढलेलं १८८३ सालचं जनावरांचं हॉस्पिटल ते. तिथल्या बाकड्यावर माझ्या एका बाजूला पिंजऱ्यात पोपट घेतलेल्या आजी होत्या, दुसऱ्या बाजूला पाय मोडलेलं कुत्रं मांडीवर घेऊन बसलेला एक हातगाडीवाला. दोघांनीही "काय झालंय हिला?" असं विचारलं, ते माणसाबद्दल विचारतात तसंच. त्या एका वाक्यानं मला फार बरं वाटलं.

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, ३.४ निघालं. वजन ४.१ किलोवरून ३.२. मूत्रपिंडाचा जुना आजार, चारातली तिसरी पायरी. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यामुळे थोड्या पाण्यात भागवायचं आणि लघवी घट्ट करून टाकायची हे त्याच्या मूत्रपिंडाचं बळ. तेच बळ गेलं की पाणी अंगात ठरत नाही, नुसतं वाहून जातं, आणि मग ते बादलीत तोंड घालतं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन चढलेलं दिसेपर्यंत साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. 'पाऊण' हा शब्द ऐकला आणि मी तिथंच मे, जून, जुलै मोजायला लागलो. अजूनही रात्री कधी कधी मोजतो.

आता दिवसाआड सलाईन, घरीच. बाटली आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची आणि एक थेंब मनगटावर घेऊन बघायचा, बाळाचं दूध बघतात तसा. गार गेलं तर ती शहारते. मग आढ्याच्या कडीला टांगायची. त्याच कडीला माझा पाळणा होता म्हणे. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलली की खाली पोकळी होते, सुई तिथं आडवी घालायची. दहाबारा मिनिटांत १०० मिली जातं. पहिल्या दिवशी माझी सुई कातडीच्या आरपार गेली आणि सगळं पाणी तिच्या केसांतून सतरंजीवर उतरलं. ती ओरडली नाही, नुसती बघत राहिली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, आईनं तिला पुसलं. आता हात बसलाय. आई तिच्या कपाळावर बोट फिरवत राहते आणि ती डोळे मिटून घेते.

सुईपेक्षा खाणं अवघड गेलं. मासळीवाली मावशी दर बुधवारी वर आली की बोंबलाची डोकी ठमीसाठी वेगळ्या कागदात बांधून आणायची, बारा वर्षांचा शिरस्ता. आता काट्याकुट्यांतला फॉस्फरस तिला विष आहे, आणि सुकट तर खारटही. हे मावशीला सांगायचं कसं? मी मूत्रपिंड, फॉस्फरस वगैरे बोलायला लागलो, तर आईनं मला थांबवलं आणि म्हणाली, "मावशी, तिला पथ्य आहे." मावशी मटकन उंबऱ्यावर बसल्या. त्यांच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं, मला माहीत नव्हतं. तेव्हापासून त्या कागद आणत नाहीत, पण पाटी खाली ठेवायच्या आधी ठमीची चौकशी करतात. पथ्याचं खाणं ठमीनं पहिले दोन आठवडे हुंगून सोडलं. रोज चिमूटभर जुन्यात मिसळत नेलं, किंचित कोमट करून दिलं की वास सुटतो, तेव्हा कुठे तोंड लावलं. परवा वजन ३.४ भरलं. आई कालनिर्णयच्या चौकटीत पूर्वी दुधाचा हिशोब लिहायची, तिथं आता ठमीचं वजन लिहिते.

तर तुझा प्रश्न. मी डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ती अजून स्वतःला चाटते का, आवडीच्या जागी चढते का, तुम्ही आलात की उठते का, हे बघत राहा. चाटते, अवी. कपाटावर चढत नाही, पण खिडकीत चढते. मी कामावरून आलो की दारापर्यंत येते. ज्या दिवशी हे थांबेल आणि औषधानं परत येणार नाही, त्या दिवशी मी तिला ओढत ठेवणार नाही. आईशी बोलून ठेवलंय. आई त्या रात्री जेवली नाही, पण हो म्हणाली. तोवर करणार. त्याला मी दिवस घालून देऊ शकत नाही.

आता काम. ७ डिसेंबरला मधुराचं लग्न आहे, चिपळूणला. अंतरपाटाशी तिच्या पाठीशी मामा म्हणून मलाच उभं राहायचंय, आणि आईला नातीच्या लग्नाला न नेणं शक्य नाही. आम्ही ५ ला सकाळी निघू, ८ ला रात्री परत. ५ चं सलाईन देऊनच निघेन. तुझ्या वाट्याला एकच, ७ तारखेचं. दवाखान्यात ठेवता येईल, पण अनोळखी जागी ती खाणं सोडते हे मी एकदा पाहिलंय. तिला तिचीच खिडकी हवी. डोंबिवलीहून ये-जा करू नकोस, राहायलाच ये.

म्हणून येत्या रविवारी, २३ तारखेला ये. सलाईनचाच दिवस आहे, तुझ्या हातानं देऊ. तुझ्या भावाला तू वर्षभर इन्सुलिन टोचलंस, तुझा हात थरथरणार नाही. सलाईननंतर पाठीवर पाण्याचा गोळा येतो आणि ओघळून पायावर उतरतो, त्याला घाबरायचं नाही. घाबरायचं ते एकाच गोष्टीला: ती झोपलेली असताना श्वास मोज. मिनिटाला तीसच्या वर गेले तर सलाईन द्यायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन. नंबर फ्रिजवर लावून ठेवतो. तिला काही दुखतंय असं वाटलं तरी घरातली क्रोसिन वगैरे अजिबात नको, मांजराला ती मारते. आणि आईसाठी तू नेहमी फुलं आणतोस, ती या वेळी नको. साखरपुड्याच्या बुकेत लिली होती, मी ती दारातूनच परत पाठवली. लिलीचे परागकणसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडावर घाला घालतात.

आलास की ती आधी शिलाई मशीनच्या मागे जाऊन बसेल. हाका मारू नकोस. पेपर उघडून सतरंजीवर बस, अर्ध्या तासात ती पेपरवर येऊन बसते. आई तुझ्यासाठी वालाचं बिरडं करणार आहे, वाल शुक्रवारी भिजत घालेल, तेव्हा येणार की नाही ते गुरुवारपर्यंत कळव.

तुझा,
संजय