स्टारचा फोटो छापता, मग पिकचा हिशोबपण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा. तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून येतो आणि मी तो शेवटून वाचतो, म्हणजे खेळाचं पान आधी. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची बातमी त्यात क्वचित येते, आली की बरं वाटतं, म्हणून तक्रार करायला जरा जड जातंय, पण लिहितोच. कुठलाही मोठा ट्रेड, म्हणजे टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल, झाला की तुमच्याकडे बातमी अशी असते की अमुक स्टार अमुक टीमकडे गेला, त्याचा मोठा फोटो, त्याचे पॉइंट, त्याचा पगार, आणि एकदम खाली शेवटच्या ओळीत "बदल्यात दोन खेळाडू व काही ड्राफ्ट पिक". पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या पोरांच्या निवडीत, टीमला मिळणारा नंबर. आता काही म्हणजे किती, कोणत्या सालचे, प्रोटेक्शनवाले (नंबर फार वर लागला तर मूळ टीमकडेच राहणारे) की मोकळे (अशी अट नसलेले), हे काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बऱ्याच वेळा खरी बातमी त्या शेवटच्या ओळीतच असते.

जुलै 2019 चं उदाहरण घ्या. पॉल जॉर्ज ओक्लाहोमा सिटीकडून लॉस एंजेलिस क्लिपर्सला गेला तेव्हा सगळीकडे गाजावाजा क्लिपर्सचा. ओक्लाहोमाला काय मिळालं, तर शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एकच सीझन खेळलेला पोरगा, एक अनुभवी गॅलिनारी, पाच फर्स्ट राउंड म्हणजे पहिल्या फेरीचे पिक आणि दोन स्वॅप, म्हणजे दोन टीमच्या पिकपैकी वरचा आपण घ्यायचा हक्क. तेव्हा लोक म्हणायचे हे दुकान बंद करायला निघाले. त्यातल्याच एका क्लिपर्सच्या पिकवर 2022 मध्ये 12 व्या नंबरला जेलन विल्यम्स आला, त्याच ड्राफ्टमध्ये स्वतःच्या पिकवर 2 नंबरला चेट होल्मग्रेन. 17 जून 2025 ला सकाळी सहाला मी फायनलची पाचवी मॅच मोबाईलवर बघत होतो, गॅसवर चहा उतू गेला तरी उठलो नाही, कारण त्या विल्यम्सनं त्या मॅचमध्ये 40 पॉइंट टाकले. ओक्लाहोमा चॅम्पियन झाली, शे त्या सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) आणि फायनलचाही. बेंचवरून येणारा ॲरन विगिन्स 2021 च्या ड्राफ्टमध्ये 55 व्या नंबरला निवडलेला, आणि समोरच्या टीमच्या बेस्ट प्लेअरला चिकटून राहणारा लू डॉर्ट तर ड्राफ्टच झाला नव्हता. म्हणजे 2019 ची ती शेवटची ओळ सहा वर्षांनी पहिल्या पानाची बातमी झाली.

आता पिकला एवढी किंमत का, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला पाहिजे कारण आपल्याला सवय लिलावाची आहे. आयपीएलला ज्याच्या खिशात पैसे जास्त त्यानं बोली वाढवायची. ड्राफ्टमध्ये बोली नाही, नंबर लागतो, आणि हरलेल्या टीमला वरचा नंबर मिळायची संधी जास्त. आपल्याकडेही असं एकदा झालेलं आहे, 2008 ला आयपीएलमध्ये अंडर-19 पोरांचा ड्राफ्ट होता, तेव्हा दिल्लीनं आपल्याच गावचा विराट कोहली सोडून प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बंगळुरूला गेला. एक नंबर चुकला की काय होतं ते यावरून कळतं.

आणि मुख्य मुद्दा पैशाचा. एनबीएत सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा असते, 2023-24 ला ती 13.6 कोटी डॉलर होती. त्या सीझनला एकट्या स्टार स्टेफ करीचा पगार 5 कोटी 19 लाख डॉलर, आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला आलेला वेम्बन्यामा जवळपास 1 कोटी 22 लाखात, आणि तो तर पहिला नंबर, खालच्या नंबरला आणखी कमी. फर्स्ट राउंडच्या पोराचा पगार आधीच ठरलेला असतो आणि टीमनं तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी ठेवून घ्यायचे ऑप्शन उचलले तर तो चार वर्षं त्याच हिशोबात खेळतो. चांगला निघाला तर टीमला स्टारचं काम फ्रेशरच्या पगारात मिळतं, आणि वाचलेल्या पैशात दुसरा मोठा प्लेअर ठेवता येतो. लीग आणि खेळाडूंच्या 2023 च्या नव्या करारानंतर खर्च दुसऱ्या ॲप्रनच्या, म्हणजे कॅपच्या बऱ्याच वर आखलेल्या खर्चाच्या रेषेच्या, वर गेला की टीमचे हातच बांधतात, दोन पगार एकत्र करून ट्रेड करता येत नाही, सात वर्षांपुढचा फर्स्ट राउंड पिक गोठवला जातो म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही, त्यामुळे स्वस्त पोरांची गरज अजून वाढलीय.

आमच्याकडे पिक ऐकलं की आधी पीकच आठवतं, आणि खरं सांगायचं तर ते फार वेगळं नाही. रावेर-यावलकडचा शेतकरी अडचणीत आला की उभी बाग व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकतो, आजचे पैसे आज हातात, पण घड भरले की फायदा दुसऱ्याचा. मोकळा पिक देणं म्हणजे तेच, आणि एनबीएत तर सात वर्षं पुढची बाग देता येते. ब्रुकलिन नेट्सनं 2013 ला हेच केलं. 37 वर्षांचा केविन गार्नेट आणि 35 चा पॉल पिअर्स घ्यायला त्यांनी बोस्टनला 2014, 2016 आणि 2018 चे फर्स्ट राउंड पिक दिले, वरून 2017 चा स्वॅप. म्हातारे प्लेअर दमले, 2015-16 ला नेट्स 21 जिंकून 61 हरले, पुढच्या वर्षी 20 जिंकून 62, आणि त्या हरण्याचं फळ खाल्लं बोस्टननं. 2016 ला 3 नंबरला जेलन ब्राउन, 2017 ला स्वॅपनं चक्क पहिला नंबर आला, तो फिलाडेल्फियाला देऊन 3 नंबरला जेसन टेटम घेतला आणि वर अजून एक पिक पण मिळवला. 2024 ला बोस्टन चॅम्पियन. म्हणून नुसतं "चार पिक" लिहून भागत नाही, कोणाचे पिक ते लिहायला पाहिजे, पुढे पडणार असलेल्या टीमचा एक मोकळा पिक हा जिंकणाऱ्या टीमच्या तीन पिकांपेक्षा भारी असतो.

पिक देऊच नये असं मी म्हणत नाही. मिलवॉकीनं 2020 ला जरू हॉलिडेसाठी तीन फर्स्ट राउंड आणि दोन स्वॅप मोजले आणि 2021 ला जिंकले, बरोबरच केलं, कारण त्यांच्याकडे 2013 ला 15 व्या नंबरला घेतलेला स्टार यानिस आधीच तयार होऊन बसला होता. फिनिक्सनं 2023 ला केविन ड्युरंट या स्टारसाठी चार मोकळे पिक आणि दोन चांगले तरुण प्लेअर दिले आणि 2025 ला प्लेऑफलाच पोचले नाहीत. आणि नुसता नंबर वर असून पण होत नाही, 2003 ला डेट्रॉइटनं 2 नंबरला डार्को मिलिचिच घेतला, तो चालला नाही, आणि पाठोपाठच्या नंबरला गेलेले कार्मेलो, बॉश, वेड मोठे स्टार झाले. उलट जोकिच 2014 ला 41 वा होता, आज तीनदा एमव्हीपी. पोरगं घेतल्यावर त्याला खेळवणारं आणि शिकवणारं कोणी पाहिजे.

हे मला एवढं का लागतं ते पण सांगतो. मी संध्याकाळी कॉलनीच्या सिमेंटच्या कोर्टवर पोरांना खेळवतो. आमच्याकडे ओपन टुर्नामेंट आली की क्लबवाले बाहेरून चार प्लेअर आणतात, येण्याजाण्याचं भाडं, राहणं, जेवण, वर मानधन, आणि आपली सोळा-सतरा वर्षांची पोरं बाटल्या भरतात आणि टॉवेल धरतात. एक पोरगा होता, सहा फूट दोन इंच, वडील केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, डाव्या हातानं लेअप (बास्केटजवळ जाऊन टाकायचा शॉट) टाकायला त्याला मी सहा महिने शिकवलं. दोन वर्षं त्याला बेंचवर बसवला, एकदा शेवटची तीन मिनिटं घेतला, तेव्हा टीमची जर्सीसुद्धा नव्हती, माझा टी-शर्ट उलटा करून मागे खडूनं 14 लिहिलं होतं. नंतर तो यायचा बंद झाला, आता नाशिककडे कंपनीत कामाला आहे. त्या वर्षी आम्ही कप जिंकलो, पेपरात फोटो पण आला, फोटोत आमच्या गावचा एकही पोरगा नाही.

म्हणून विनंती आहे की पुढचा ट्रेड झाला की बातमीखाली एक छोटी चौकट टाका, कोणते पिक, कोणत्या सालचे, मूळ कोणत्या टीमचे, प्रोटेक्शन किती. आणि जूनमध्ये ड्राफ्ट होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी तुमच्या हातात अख्खा दिवस असतो. पहिली पाच नावं आणि कुणाचा पिक कुणाकडे गेला एवढं छापलंत तरी मी ते कात्रण कोर्टवर नेऊन पोरांना वाचून दाखवीन.

आपला,
एक जुना वाचक, भुसावळ