गुजरी महालाला वीस शेवट नकोत

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा मिळाला. पर्याय निवडत वाचायच्या कथेसाठी ग्वाल्हेरच्या राजा मानसिंहाच्या गुजर राणीची, मृगनयनीची दंतकथा घेतलीस हे उत्तम केलंस. वीस शेवट ठेवलेस तिथे मात्र भांडण आहे.

आधी हिशोब बघ. दर टप्प्यावर दोन वाटा आणि असे सहा टप्पे, की शेवट होतात ६४ आणि लिहायचे तुकडे १२७. तुकडा १४० शब्दांचा धरला तर जवळजवळ अठरा हजार शब्द होतात, आणि एका बैठकीत वाचकाच्या वाट्याला त्यातले सातच तुकडे येतात, म्हणजे हजाराच्या आत. तू वर्षभर राबणार आणि वाचणारा दहा मिनिटांत म्हणणार, 'एवढंच?' शिवाय पाचव्या टप्प्यापर्यंत लिहिणाऱ्याचा दम संपलेला असतो. त्यामुळे अशा फाटे फुटत जाणाऱ्या झाडाच्या टोकांवरचे तुकडे नेहमी सगळ्यांत किरकोळ उतरतात, आणि वाचक संपवतो तो नेमका तिथेच.

झाडाऐवजी वेणी घाल. तीन पेड सुटतात, थोडं अंतर वेगळे जातात आणि गाठीपाशी पुन्हा एकत्र येतात. या कथेत गाठी चारच: पाणवठा, अटी, गडाखालचा महाल आणि वेढा. दोन गाठींमध्ये दोन किंवा तीन पेड. एकूण ४५ तुकड्यांत काम होतं, शब्द सहा हजारांच्या आसपास, आणि एका वाचनात त्यातले अठरा तुकडे भेटतात. शेवट चार पुरे. पाचवा सुचला तर आधीच्या चारांपैकी कुठला कच्चा आहे ते शोध.

आता मुख्य मुद्दा. दंतकथेचा शेवट वाचकाला घरूनच पाठ असतो. इथल्या कुठल्याही पोराला विचार: राई गावची गुजर मुलगी, झुंजणाऱ्या दोन म्हशी तिने शिंगं धरून वेगळ्या केल्या, शिकारीला आलेल्या मानसिंहाने ते पाहिलं, तिने अटी घातल्या, त्याने मानल्या. तिचा गुजरी महाल अजून उभा आहे, आत संग्रहालय आहे, तिकीट काढून बघता येतो. तेव्हा 'म्हशी सोडवायच्या की पळून जायचं' असा पर्याय दिलास तर वाचक हसेल. पळून गेली तर गोष्टच नाही, हे त्यालाही कळतं. घडणार तेच घडू दे. का घडतं आणि कशाच्या बदल्यात घडतं, ते वाचकाच्या हाती दे. म्हशी ती सोडवतेच, पण वाटेत लहान मूल सापडलंय म्हणून, की घडे फुटतील म्हणून, की घोड्यावरचा माणूस बघतोय हे तिच्या लक्षात आलंय म्हणून? प्रसंग तोच, कारणं तीन. यापुढे प्रत्येक वाटेवरचा मानसिंह तिला थोडा वेगळा दिसायला हवा.

अटींच्या गाठीपाशी ही कथा खरी श्रीमंत आहे. बहुतेक दंतकथांत नायिकेला पळवतात, जिंकतात नाहीतर शाप देतात. इथे ती सौदा करते, म्हणजे निवडीचा खेळ कथेच्या पोटातच आहे, वरून चिकटवावा लागत नाही. गावच्या नदीचं पाणी महालापर्यंत यावं ही अट सगळे सांगतात. नदीचं नाव कुणी राई सांगतं, कुणी सांक. स्वतंत्र महाल बहुतेकांच्या तोंडी असतो. पडदा पाळणार नाही, लढाईत सोबत येईन, हे काहींच्याच. पाणी सर्व वाटांवर कायम ठेव आणि उरलेल्या तिघांतून वाचकाला दोन निवडू दे. वेगवेगळ्या घरी वेगळी सांगितली जाणारी कथा हा तुझा कच्चा माल आहे. 'खरी कुठली' ठरवत बसू नकोस, तफावत दिसली की तिथे वाट काढ.

वाचकाने महाल मागितलाच नाही तर? महाल तर गडाच्या पायथ्याशी दिसतोय! तेव्हा राजा तो आपणहून बांधतो. ती नववी राणी, असं सांगतात. आधीच्या आठ जणींनी तिला वर घ्यायला नकार दिला आणि राजाने सोपा मार्ग काढला. एका वाटेने तो महाल मान आहे, दुसरीने हद्दपारी. भिंती त्याच, वर्णन तेच, फक्त आधीचा एक तुकडा वेगळा. थोड्या शब्दांत एवढं काम करून देणारी जागा साऱ्या कथेत दुसरी नाही, तेव्हा इथे हात आखडू नकोस. महाल खाली का, याचं साधं कारणही हाताशी आहे: पाणी उताराने वाहतं, गड मैदानापासून जवळजवळ शंभर मीटर उंच आहे. कालवा तिथवर चढणार कसा? पाणी हवं की राजाच्या शेजारचं दालन, हा प्रश्न उतारानेच उभा केलाय. त्यावर तिसरी गाठ बांध.

वाचकाच्या निवडींचा हिशोब प्रोग्राम आकड्यांत ठेवतो. असे आकडे चारच ठेव: मान, गाव, पाणी, सूर. पाण्याला तीन अवस्था पुरतात, बाकीच्यांना शून्य ते पाच. शेवटाच्या दारात उंबरठा ठेवशील, म्हणजे अमुक आकडा गाठल्याशिवाय तो शेवट उघडणार नाही असं ठरवशील, तेव्हा आधी कागदावर तक्ता मांड, प्रत्येक गाठीपर्यंत कुठला आकडा जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती होऊ शकतो. 'गाव' वाढवायच्या संधी साऱ्या कथेत तीनच आणि शेवट मागतोय चार, तर तो शेवट कुणालाच सापडणार नाही आणि तुला कळणारही नाही, कारण प्रोग्राम काही बिघडलेला नसतो. निवडीचा पडसाद तीनदा उमटव: लगेच एका वाक्यात, पुढच्या गाठीत कुणाच्या तरी बोलण्यात, आणि शेवटी. पहिला पडसाद गाळलास तर वाचकाला वाटतं आपलं बटण वाया गेलं, मग तो पुढचे पर्याय न वाचताच दाबत सुटतो. पर्यायाचा मजकूर पाच ते नऊ शब्दांचा असावा, मोबाइलवर दोन ओळींच्या आत, आणि त्यात फसवणूक नको. 'नकार दे' असं दाबल्यावर तिने राजाच्या तोंडावर घडा फोडला तर वाचक पुन्हा तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

आकडे पडद्यावर दाखवायचे नाहीत. मराठीत ते दाखवायची गरजच नाही! 'मान' वाढला की राजाची हाक बदलते: 'ए पोरी', मग 'तू', मग 'तुम्ही', आणि सगळ्यात वर 'आपण'. वाचकाला मीटर लागत नाही, कान पुरतो. तिच्या हाकेचंही असंच. 'गाव' चढता असेल तर ती भर दरबारात राजाला तू म्हणते आणि बाजूचे लोक चपापतात.

पण हीच मराठी तुझा घातही करेल. कथा द्वितीय पुरुषात असते आणि आपलं क्रियापद लिंग सांगून मोकळं होतं: तू थांबतोस, तू थांबतेस. वाचकाला शिकारी, कारागीर, राणी यांतलं काहीही होऊ द्यायचं असं आराखड्यात आहे. तसं केलंस तर निम्मी वाक्यं दोनदा लिहावी लागतील. वाचक म्हणजे मृगनयनीच, असं पहिल्या ओळीत ठरवून टाक. एखादा तुकडा लिंगनिरपेक्ष हवाच असेल तर भविष्यकाळ वापर ('तू जाशील'), किंवा सकर्मक भूतकाळ ('तू दार उघडलंस'). तिथे क्रियापद दाराकडे बघतं, तुझ्याकडे नाही.

त्याचीच उलटी बाजू म्हणजे वस्तू. तिच्या हातातलं हत्यार व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या बदलत्या मजकुराच्या खणात ठेवलंस आणि वाक्य एकच लिहिलंस, तर 'तलवार उचललीस' ठीक, पण 'भाला उचललीस' आणि 'धनुष्य उचललीस' होऊन बसेल. विभक्तीतही तेच, 'घोडा'ला 'ला' जोडला की 'घोडाला'. म्हणून शब्द जोडून वाक्य शिवायचं नाही. अटीच्या आत अख्खं वाक्य लिहायचं, तीन हत्यारं तर तीन वाक्यं. अगदीच वाचवायचं असेल तर प्रत्येक वस्तूची सरळ आणि सामान्य अशी दोन रूपं साठव, पण क्रियापदाची पंचाईत त्यानेही सुटत नाही.

साधन म्हणून ट्वाइन घे, अशा कथा बांधायचाच तो प्रोग्राम आहे. फुकट आहे, नकाशा डोळ्यांसमोर राहतो, शेवटी एकच एचटीएमएल फाइल निघते आणि ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. वेणीची वीण इंक या अशाच कथांसाठीच्या भाषेत जास्त सुबक बसते, कारण फाटे पुन्हा जुळवायची सोय त्या भाषेतच आहे. पण तिथे मजकूर सहसा एका सलग फाइलमध्ये असतो आणि पहिल्या खेपेला तू हरवशील. ट्वाइनमध्ये दुवा असा लिहितात: [[घडा खाली ठेव->प२_घडा]]. बाणाच्या डावीकडे वाचकाला दिसणारा मजकूर, उजवीकडे पुढच्या तुकड्याचं नाव. त्या नावाचा तुकडा नसेल तर ट्वाइन मुकाट्याने नवा रिकामा तुकडा तयार करतं. 'राईची वाट' आणि 'राइची वाट' यांत तुझा ऱ्हस्वदीर्घ चुकला की वाचक कोऱ्या पानावर. 'दऱ्या'सारखे शब्द तर दोन तऱ्हांनी टंकले जातात, डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. म्हणून नावं छोटी, जोडाक्षरांविना, क्रमांक लावून ठेव, आणि व्हेरिएबलची नावं सरळ रोमन लिपीत.

ब्राउझरमधलं ट्वाइन वापरलंस तर कथा त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहते. कुणी 'हिस्टरी साफ' करताना साइटचा डेटाही पुसला की सहा हजार शब्द गेले. डेस्कटॉपचं घे, आणि तरी रोज संध्याकाळी आर्काइव्हची फाइल काढून दुसरीकडे ठेव.

दिसण्याबद्दल थोडक्यात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून जास्त ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेखा तुटते. एकेक अक्षर टाइप होत असल्याचा तो परिणाम देवनागरीत अजिबात नको, आधी क दिसतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी उडी मारून त्याच्या डावीकडे बसते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदव. नाहीतर काही फॉण्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि आपल्या मंडळींना ते लगेच टोचतं.

काळाचं भान ठेव. मानसिंहाचा काळ १४८६ ते १५१६. तुझ्या पहिल्या तुकड्यात ती मिरचीचा ठेचा वाटतेय. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, तंबाखू हे सगळं पोर्तुगीजांमागून आलं, तिच्या चुलीपाशी यातलं काही नको. तिखटाला मिरी आणि आलं. राजाची स्वारी तू आलमगिरी दरवाजातून आत आणलीस, पण तो १६६० चा. गणेश दरवाजा चालेल, मानसिंहाच्या आधीच्या डूंगरसिंह राजाच्या वेळचा आहे. वर चढताना चतुर्भुजाचं देऊळ लागतं, ते तर ८७६ चं, तिथल्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे. कालव्याची मोजणी करणारा कारागीर त्या शिलालेखापाशी थांबतो, असा एक तुकडा लिहिता येईल. तानसेनला मात्र दरबारात गायला बसवू नकोस, तेव्हा तो बहुधा पोरसवदा असेल. धृपदाचा मान राजाचाच राहू दे, आणि गुजरी नावाच्या रागांचं नातं परंपरा मृगनयनीशी जोडते, तेवढं 'सूर' या आकड्याला पुरतं.

वेढ्याच्या गाठीत दिल्लीच्या लोदी सुलतानांची फौज येते, मानसिंह १५१६ मध्ये जातो, पुढे त्याचा मुलगा विक्रमादित्य इब्राहिम लोदीला गड देतो आणि १५२६ ला पानिपतावर लोदीच्याच बाजूने मारला जातो. यातलं काहीही वाचकाच्या निवडीने बदलू नकोस. बदलायचं असेल तर वेढ्याच्या वेळी पाण्याचा कालवा कुणाच्या ताब्यात आहे, ते बदल. राई गावाने तो फोडला की राखला, हे 'गाव' या आकड्यावर ठरू दे.

आणखी एक, ही महत्त्वाची सूचना समज. आराखड्यात लाखी आणि अटल आहेत. ही माणसं दंतकथेतली नाहीत, वृंदावनलाल वर्मांच्या १९५० च्या कादंबरीतली आहेत. वर्मा १९६९ मध्ये गेले, आपल्या कायद्याने लेखक गेल्यावर साठ वर्षं धरली तर हक्क २०२९ अखेरपर्यंत चालतात. दोघांनाही काढ. मृगनयनीचं कादंबरीतलं 'निन्नी' हे नावही टाळलेलं बरं. तिच्या मैत्रिणीची जागा रिकामी वाटली तर पाणवठ्यावरची एखादी म्हातारी आण, कालव्यामुळे जिचं शेत कोरडं पडणार आहे अशी.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा खेळायची फाइल नंतर दे. आधी सगळे तुकडे एकाखाली एक छापून पाठव, प्रत्येकावर नाव आणि त्याच्याकडे येणारे दुवे लिहून. थांबतेस आणि थांबतोस यांची गल्लत कागदावरच पकडता येते. आकड्यांचा तक्ताही सोबत जोड.

तुझा,
मुकुंद