मॅडम, तुम्ही आधी जमिनीवर बसलात

प्रिय मॅडम,

परवा पहिलीच्या वर्गात बसकर पट्टीवर मांडी घालून बसले आणि एका मुलीला पाटीवर 'ळ' गिरवून दिला. तिचं सगळं लक्ष अक्षरात, माझं सगळं कमरेत. उठताना टेबल धरलं नाही. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मी मात्र मधल्या सुट्टीत ऑफिसात जाऊन रडून घेतलं. माझ्या कंबरदुखीवर उपचार तुम्ही केलेत, म्हणून तुम्हालाच फोन लावायला घेतला होता, पण बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण कमरेला पट्टा आवळून फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाया मला दर केंद्र संमेलनात भेटतात.

२०२१ च्या दिवाळीआधी गाद्या उन्हात टाकताना उसण भरली होती. चार दिवसांत उतरेल असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. बारा आठवड्यांच्या पुढे गेलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात हे तुमच्याकडून कळलं, तोवर माझी तीन वर्षं उलटली होती.

त्या तीन वर्षांत चार ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी माझ्याकडे मान वर करूनही कुणी पाहिलं नाही. एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि निकाल दिला: मणक्यात गॅप आहे, चकती सरकली आहे, नस दबते आहे. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, "आता कायमचंच." मी काय काम करते हे विचारलंच नाही. पट्टा दिला, ट्रॅक्शन लावलं, म्हणजे वजन लावून कंबर ताणली, पुढची तारीख दिली.

दुसऱ्या ठिकाणी उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायला शिकवलं आणि ताकीद दिली की पाठ मागे वाकवलीत तर संपलंच. तिसऱ्या ठिकाणी पालथं झोपून हातांवर पाठ मागे उचलायची होती. तिथे म्हणाले, "गुडघे छातीशी घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला? त्यानेच चकती आणखी बाहेर आली." चौथ्या ठिकाणी दोन्ही बंद करायला लावले, कारण माझा 'कोअर', म्हणजे पोटा-कमरेचे खोलवरचे स्नायू, कच्चा होता. पोट आत ओढून धरायचं आणि प्लँक करायचा, म्हणजे कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरायचं.

यातला कुठलाच व्यायाम वाईट नव्हता, हे मला तुम्हीच सांगितलंत, म्हणून त्या व्यायामांवर माझा राग नाही. राग याचा आहे की प्रत्येकाने आधीच्याची भीती घालून मला घरी धाडलं. चौथ्या ठिकाणाहून परतले तेव्हा पुढे वाकायची भीती, मागे वाकायची भीती आणि नुसतं बसायचीही भीती. मी खुर्चीवर बसून पहिली शिकवायला लागले. पहिलीचं मूल खुर्चीपाशी येतं, पण पाटी घेऊन येत नाही. नुसतं उभं राहतं आणि परत जातं. ही तीन वर्षं मला कुणीच भरून देणार नाही.

मग तुम्ही.

मी सवयीने एमआरआयचं पाकीट पुढे केलं. तुम्ही ते घेतलंत आणि न उघडता मागच्या कपाटावर ठेवलंत. आधी दहाएक प्रश्न विचारलेत: लघवीवर ताबा आहे ना, मांड्यांच्या मधे बधिरपणा येतो का, पायातली ताकद कमी झाली का, ताप येतो का, वजन उगाच उतरलं का. पायांची ताकद स्वतः तपासून पाहिलीत. धोक्याचं काही नाही याची खात्री झाल्यावर विचारलंत, "या दुखण्यापायी काय करायचं सोडलंत?"

तीन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कानावर पडला. मी म्हटलं, "मुलांजवळ खाली बसणं."

तुम्ही काहीच बोलला नाहीत. खुर्चीवरून उठलात आणि समोरच्या चटईवर मांडी घालून बसलात. माझ्याकडे पाहून म्हणालात, "या. घाई नाही." हात पुढे केला नाहीत. कंबर धरायला कुणाला बोलावलं नाहीत. तुमचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा तुम्ही तो उलटा ठेवलात. बाहेर बाकावर माणसं थांबलेली मला दिसत होती, तुम्हालाही दिसत असणार. मी खुर्चीचा हात धरला, सोडला, परत धरला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि मी खाली आले. दुखलं. पण काही मोडलं नाही, काही सरकलं नाही. तुम्ही फक्त विचारलंत, "कुठल्या वर्गाला शिकवता?" आणि आपण तिथेच, जमिनीवर, दोन बायका पहिलीच्या मुलांबद्दल बोलत बसलो.

मॅडम, माझं बरं होणं त्या चटईवर सुरू झालं. पुढचं सगळं त्यानंतरचं.

पुढचंही मोलाचं होतं, कारण तुम्ही मला कळेल अशा भाषेत खरं सांगितलंत. गुडघे छातीशी घेण्याची पद्धत पॉल विल्यम्स या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये मांडली. तिच्या नेमकी उलट, मागे वाकायची पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांची. १९५६ मध्ये वेलिंग्टनला त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला. ती अवस्था तेव्हा घातक समजत, आणि तो उठला तो पायातली कळ घालवून! पोट आत ओढून खोलवरच्या स्नायूंना जागं करायची पद्धत नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या संशोधकांनी पुढे आणली. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मला माझे दुसरे, तिसरे आणि चौथे दवाखाने एकेक करून ओळखू येत होते. तिघांनी मला तीन खऱ्या गोष्टी सांगितल्या होत्या, फक्त बाकीच्या दोन खोट्या आहेत असं म्हणून.

मी विचारलं होतं, मग यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? २०२१ चा एक मोठा आढावा आहे, असं तुम्ही सांगितलंत. त्यात रुग्णांवर उपचार करून पाहिलेल्या २४९ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. काहीच न करण्यापेक्षा किंवा नेहमीच्या उपचारापेक्षा व्यायामाने दुखणं कमी होतं, शंभराच्या मोजपट्टीवर सरासरी पंधरा अंकांनी. मी थोडी हिरमुसले, कारण मला शंभरातले शंभर हवे होते. तुम्ही आकडा वाढवून सांगितला नाहीत. प्रकारांची आपापसात तुलना केली तर पिलाटीस, म्हणजे श्वासाबरोबर सावकाश, ताबा ठेवून करायचे व्यायाम, आणि मॅकेन्झी थोडे पुढे दिसतात, पण फरक एवढा नाही की त्यासाठी आवडता व्यायाम सोडावा, असंही म्हणालात. शेजारच्या शाळेतल्या आमच्या एक बाई अय्यंगार पद्धतीच्या योगासनांनी सुधारल्या, हे मी सांगितल्यावर तुम्ही नाक मुरडलं नाहीत. उलट म्हणालात, पुण्यातून जगभर गेलेल्या या पद्धतीच्याही कमरेसाठी चाचण्या झाल्या आहेत; त्यांना मानवलं ना, मग त्यांनी तेच करावं. आणि मग तो प्रश्न: "तुमच्या दिवसात काय बसेल?"

माझ्या दिवसात तीन गोष्टी बसल्या. तासांच्या मधे उभ्याने पाठ मागे वाकवणं. जमिनीवर बसणं-उठणं, आधी दोनदा, मग पाचदा, मग मोजणं सोडून. आणि चालणं. चालण्याबद्दल तुम्ही सांगितलेली २०२४ ची ऑस्ट्रेलियातली चाचणी मी आमच्या अख्ख्या स्टाफला सांगून झाले आहे: कमरेच्या दुखण्यातून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांचं ११२ दिवसांतच परत आलं. आता शाळेच्या फाट्याच्या एक थांबा आधीच उतरते.

पट्टा मी आपणहून सोडला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा जुनाट दुखण्यासाठी पट्टा आणि ट्रॅक्शन दोन्ही नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत असं म्हटलं आहे, हे वाचलं तेव्हा पहिल्या दवाखान्यातल्या त्या खोलीची फार चीड आली. आणि १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले तर निम्म्याहून जास्त जणांच्या चकत्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या, हे तुमच्याकडून ऐकलं तेव्हाही. एवढी साधी गोष्ट मला आधीच सांगितली असती तर? एक वाक्य लागलं असतं.

तुम्ही त्या दिवशी केलंत त्यालाही शास्त्रात जागा आहे, हे नंतर समजलं. भीती वाटणारी हालचालच, माणसाला समजावून घेत, हळूहळू करायला लावायची, अशा पद्धतीची ऑस्ट्रेलियात ४९२ जणांवर चाचणी झाली. २०२३ मध्ये ती छापून आली, आणि वर्षानंतरही फरक टिकलेला दिसला. तरी मला वाटतं, फोन उलटा ठेवणं कुठल्या पद्धतीत लिहिलेलं नसेल. ते तुमचं स्वतःचं.

अशी माणसं आहेत, मॅडम, आणि त्यांच्यावर कुणी काही लिहीत नाही. मी खुर्चीला खिळले होते तेव्हा आमच्या मदतनीस ताई खिचडीची ताटं वाटून झाली की माझ्यासमोरचे दोन बाक भिंतीला सरकवून जायच्या, म्हणजे मला वळावं लागू नये. कधी बोलून दाखवलं नाही. शाळेच्या गाडीचे कंडक्टर मी पायरी चढेपर्यंत घंटी द्यायचे नाहीत, आणि मागून कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "बाई चढतायत." त्यांना माझा एमआरआय ठाऊक नव्हता. समोरच्या माणसाला किती वेळ लागेल ते त्यालाच ठरवू द्यायचं, एवढं त्यांना येत होतं. शिकलेल्या चार जणांना ते आलं नाही.

दुखणं अजून येतं. मागच्या महिन्यात तीन दिवस होतं. पूर्वी मी पट्टा शोधला असता. या वेळी चालायला गेले, थोडी हळू. चौथ्या दिवशी मुलांबरोबर खाली बसले.

ते एमआरआयचं पाकीट तुमच्या कपाटावरच राहिलं आहे. दर वेळी न्यायचं म्हणते आणि विसरते. जागा अडत असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन. नसेल अडत तर असू द्या तिथेच.

तुमची,
पहिलीच्या वर्गाची बाई
सातारा जिल्हा