६ जानेवारीला लोखंडेही आठवावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पत्रकार दिनाला आपण 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांना वंदन करतो, ते योग्यच आहे. पण गिरण्यांवर वाढलेल्या सोलापुरात त्या दिवशी 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव क्वचितच ऐकू येतं. कुणी घेतलंच तर 'कामगार पुढारी' म्हणून. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं, हे राहूनच जातं.

'दीनबंधु' कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केला. आपल्या सोलापूरची 'जुनी गिरणी'ही त्याच वर्षीची. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते पत्र मुंबईत चालवायला घेतलं. सत्यशोधक विचारांचे हे गृहस्थ आधी गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय, तर आठवड्याला एक सुटी, दुपारी भाकरी खायला अर्धा तास, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. एवढ्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं! २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जूनला मुंबईच्या मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मुंबईबाहेरच्या गिरण्यांनाही लागू झाली.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. सुटीच्या दिवशी आई त्यांच्या कानामागचा, मानेवरचा कापूस ओल्या फडक्याने पुसून काढायची आणि ते दुपारी भोंग्याची धास्ती न ठेवता झोपायचे. ही झोप कुणी मिळवून दिली, हे आमच्या चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेतही कुणी सांगितलं नाही.

१८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता लोखंडे गेले, तारीख ९ फेब्रुवारी. पन्नाशीही गाठली नव्हती.

आज आपल्याकडे मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायांची मजुरी हजारावर ठरते. ज्या दिवशी हात थांबला, त्या दिवशी पैसा नाही. यंत्रमागावरही नगावर, मीटरवर पैसे घेणारे कितीतरी आहेत. त्यांच्या बातम्या संप झाला की येतात, एरवी नाही. लोखंड्यांनी संपाची वाट पाहिली नव्हती.

म्हणून विनंती अशी, की येत्या १० जूनला आपल्या दैनिकाने एक पान लोखंडे आणि 'दीनबंधु'साठी द्यावं. त्याच पानावर सोलापुरातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांना त्यांच्या सुटीबद्दल, मजुरीबद्दल विचारावं आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत छापावं. गिरणीत राबलेली जुनी माणसं अजून आहेत, तीही बोलतील.

आपला,
एक वाचक, सोलापूर